ओटीचा खण

मी डूख धरणारा माणूस आहे. लोक याला वाईट खोड म्हणतात, म्हणोत. बीडच्या बाजारातल्या एका कापडदुकानदारावर मी पंधरा वर्षं डूख धरून होतो. त्याच्याच नव्या इमारतीत चोर पकडायची यंत्रं बसवायला कंपनीनं मला पाठवलं, तेव्हा देव आहे असं मला पहिल्यांदा वाटलं.

आधीचं सांगतो. माझी आई त्याच्या जुन्या दुकानात कापडाच्या घड्या घालायला होती. एका संध्याकाळी एक खण कमी भरला. मी तेव्हा आयटीआयला होतो आणि तिला घरी न्यायला दुकानाशी येऊन थांबलो होतो. माझ्यादेखत मालकीणबाईंनी भर गिऱ्हाइकांत आईचा पदर ओढून झटकला. पदरातून मिसरीची डबी पडली, खण पडला नाही. तरी मालक ओरडतच राहिला, "कुठं दडवला, सांग!" दुसऱ्या दिवशी तो खण एका ठाणाच्या घडीत सापडला. मालकानं नोकराकरवी निरोप पाठवला, कामावर ये म्हणून. खण सापडला हे बाजारात मात्र कुणाला सांगितलं नाही. आई परत गेली नाही, त्या रस्त्यानंसुद्धा नाही. भाजीला जायचं तरी ती नदीकडून लांबचा वळसा घालून जायची.

खण सापडला होता, एवढंच मला त्या माणसाच्या तोंडून चारचौघांत वदवून घ्यायचं होतं.

नवी इमारत मोठी होती. खाली दुकानं, मधे दवाखाने आणि ऑफिसं, वर फ्लॅट. गावात मोबाइल ही मिरवायची वस्तू होती, ते दिवस. कॅमेरे, कार्डानं उघडणारी जिन्याची दारं, धुराची घंटा, हे सगळं एका खोलीत आणून जोडायचं काम माझ्याकडे होतं. मालकाचं स्वतःचं दुकान तळमजल्यावर. कपाळावर विभूती, अंगाला अत्तर. त्यानं मला ओळखलं नाही. "साहेब, च्या घ्या की," म्हणायचा, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

त्याला दुकानाच्या दाराशी पुण्यात पाहिलेलं वाजणारं गेट हवं होतं. प्रत्येक कापडाला प्लॅस्टिकचं बटण टोचायचं, बिल झालं की ते गल्ल्यावर काढायचं. न काढता कुणी निघालं तर गेट बोंबलतं.

"खणापासून सुरू करा साहेब," तो म्हणाला, "खणच लई जात्यात. आन् गेट वाजलं की झडती. माझा बाप आसला तरी."

"मग तशी पाटीच लावा, अप्पा," मी म्हणालो. त्यानं खरंच लावली.

उद्घाटनाला पुढाऱ्याच्या पत्नी आल्या होत्या. कॅमेऱ्याची करामत दिसावी म्हणून मालकानं दाराबाहेर मोठा टीव्ही मांडायला लावला होता, त्यावर गेटचं चित्र. फीत कापून झाल्यावर, मालकाच्या हौसेखातर, पाहुणीनंच मालकीणबाईंची ओटी भरायची होती. ताटात तांदूळ होते, नारळ होता, खण आणायचा राहिला होता. कुणीतरी दुकानातल्या पोरीला म्हणालं, "आगं, मांडणीवरचा घे की!" ओटीच्या खणाचं आमच्याकडे कुणी बिल करत नाही, म्हणून तो गल्ल्यावर गेलाच नाही. पोरीनं उचलला तसा ताटात ठेवला. त्याच्या घडीत मी स्वतः टोचलेलं बटण होतं. बटण काढायचं यंत्र माझ्यापासून हातभर अंतरावर होतं. मी एक शब्द बोललो असतो तर भागलं असतं, पण मी हात पाठीमागे बांधून उभा राहिलो.

मालकीणबाई पदरातली ओटी सांभाळत पाहुणीला गाडीपर्यंत पोचवायला निघाल्या आणि गेट बोंबललं. काय गोड वाटलं म्हणून सांगू! मालकीणबाई टीव्हीवर पदर घट्ट धरून उभ्या दिसत होत्या, आणि लोक एकदा टीव्हीकडे बघत होते, एकदा पाटीकडे.

"बंद करा बे ते!" मालक ओरडला. मग हसायचा प्रयत्न करत पाहुण्यांना म्हणाला, "चुकून ऱ्हायलं. घरची बाई हाय, ती कावून चोरंल?"

मी पुढे झालो. "अप्पा, जुन्या दुकानात घड्या घालणाऱ्या बाईचा पदर झटकला होता तुमी. ती माझी आई. तो खण सापडला होता का न्हाई?"

मालकीणबाईंनी मला त्याच्या आधी ओळखलं. त्यांनी मान खाली घातली. मालक काहीतरी पुटपुटला.

"मोठ्यानं," मी म्हणालो. गेट अजून वाजत होतं. ते बंद करायची किल्ली माझ्या खिशात होती.

"सापडला हुता! दुसऱ्याच दिशी सापडला हुता!" त्या आवाजाच्या वर त्याला ओरडावं लागलं. ते रस्त्यापर्यंत ऐकू गेलं, मग मी किल्ली फिरवली. कंपनीकडे माझी तक्रार जाणार हे उघड होतं. गेली तर गेली.

मी पेढे घेऊन घरी गेलो. आई ज्वारी निवडत बसली होती. मी सगळं सांगितलं, त्याच्या ओरडण्याची नक्कलही करून दाखवली. तिनं हातातलं सूप खाली ठेवलं नाही.

"तिचा पदर झटकला का कुणी?"

"न्हाई. तिचा कोण झटकंल?"

"मंग माझा कावून झटकला?"

पेढ्यांचा पुडा बांधलेला तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी ती पिशवी घेऊन भाजीला निघाली, तेव्हा मी दारात उभा राहून बघत होतो. ती नदीकडेच वळली.