आमच्या प्लॉटवरची गुढी

आईने स्टीलची मांडणी घेतली तेव्हा मी कॉलेजात होते. भिंतीवर लावायची, ताटांचे, वाट्यांचे, चमच्यांचे कप्पे असलेली, मराठी स्वयंपाकघरात असते तीच. जळगावहून बसच्या टपावर टाकून आणली आणि इंदौरला बडा गणपतीजवळच्या आमच्या भाड्याच्या खोल्यांत आल्या आल्या ती थेट कपाटावर गेली, जुन्या साडीत गुंडाळून. कारण घरमालकाचा नियम होता, "बाईजी, सब करो, पर दीवार में खीला मत ठोकना." त्यामुळे आमच्याकडे कॅलेंडर खिडकीच्या गजाला, आरसा टेबलावर आणि आजोबांचा फोटो जमिनीवर, भिंतीला टेकून. पाहुणे आले की आई फोटो उचलून पलंगावर ठेवायची, त्यांचा पाय लागू नये म्हणून.

"आपल्या घरात लावू," ती मांडणीकडे बघून म्हणायची. घरं बदलली, मालक बदलले, पण खिळ्याचा नियम काही बदलला नाही. दर वेळी टेम्पोत ती मांडणी आईच्या मांडीवर असायची.

मला ताटं मांडलेली ती मांडणी बघायची होती. बस, एवढंच. बंगला नको, गॅलरी नको. विजयनगरला फ्लॅट बघायला जायचो तेव्हा सेल्सवाला स्विमिंग पूल दाखवायचा आणि आई विचारायची, "भैयाजी, किचन की दीवार पक्की है ना?" तो हसायचा. भाव ऐकला की आम्हीही हसायचो आणि खाली येऊन पोहे खायचो. आता मी त्याच विजयनगरमध्ये एका ऑफिसात नोकरी करते, आणि फ्लॅट आहे तिथेच आहे, आमच्यापासून तेवढाच लांब.

बाबा सांवेर रोडच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. तिथूनच पुढे, सोयाबीनच्या शेतात एक कॉलोनी पडली तेव्हा त्यांनी एक छोटा प्लॉट घेतला. रजिस्ट्री नव्हती, नुसती नोटरी. कॉलोनी अवैध, म्हणून घराचा नक्शा पास होईना, आणि नक्शा नाही म्हणून बँक कर्ज देईना. पण प्रत्येक चुनावाआधी तिथले पार्षदजी, म्हणजे नगरसेवक, हात जोडून यायचे आणि सांगायचे, "भिया, वैध तो हो ही गई समझो." आम्ही समजायचो! समजण्यात आमच्यासारखे हुशार आम्हीच. बाकीच्यांनी मात्र विटांवर विटा ठेवून, पत्रे टाकून राहायला सुरुवातही केली होती. बाबांना ते जमेना. "विना नक्शा एक वीट लावणार नाही," म्हणाले. सरळ माणूस. आई त्यांना सरळ म्हणायची नाही, दुसराच शब्द वापरायची.

एका वर्षी पाडव्याला नवीन घरमालकाने गुढीलाही नाही म्हटलं. रेलिंगला बांबू बांधला तर रंग खरवडेल म्हणे. आईने पुऱ्या तळून श्रीखंडासोबत डब्यात भरल्या. मग एकदम उठली, तांब्या घेतला, गाठी घेतली, कडुनिंबाची डहाळी घेतली, आपली केशरी साडी घेतली आणि म्हणाली, "अहो, स्कूटर काढा. आपल्याला काय जागा नाहीये का?"

मी मागून माझ्या गाडीवर, बांबू पायाशी आडवा टाकून! सगळा इंदौर बघत होता. रिकाम्या प्लॉटवर बाबांनी खड्डा खणला, गुढी उभी राहिली. मग आईने उरलेल्या रांगोळीने जमिनीवर घर काढलं. हा हॉल, ही तुझी खोली, इथे देव. कोपऱ्यात स्वयंपाकघर काढलं आणि त्याच्या पूर्वेच्या रेघेवर बोट ठेवून म्हणाली, "इथे मांडणी." आम्ही त्या रांगोळीच्या स्वयंपाकघरात बसून श्रीखंड-पुरी खाल्ली. इतकं सुख मला पुन्हा कुठे मिळालं नाही, खरंच सांगते.

गुढी सूर्यास्ताच्या आत उतरवायची असते. आईने गुढीची साडी उतरवली, तांब्या घेतला. पण बांबू काढायला बाबा वाकले तेव्हा तीच म्हणाली, "राहू द्या की." प्लॉटच्या हद्दीचे दगड लोक उचलून नेत होते, चुलीला, नाहीतर पायरीला. आपली जागा कुठली ते लांबून कळायला नको का? म्हणून बांबू तसाच ठेवला, आणि नीट दिसावा म्हणून तिने साडीच्या फॉलजवळची एक केशरी चिंधी फाडून वर बांधली.

झालं! मोकळ्या जागेत काठी आणि तिला केशरी कापड. दिवाळीच्या आधी गेलो तर बुंध्याशी एक दगड, दगडाला शेंदूर, पुढे अगरबत्तीची राख. शेजारच्या ताईने डोक्यावरचा पदर सारखा करत सांगितलं, "यहाँ तो भेरूजी को थान हे. म्हारी छोरी को बुखार इनने ही उतारियो." भेरूजी म्हणजे आपला भैरोबा, आणि हे म्हणे त्याचं ठाणं! आई लाजल्यासारखी हसली. "बघ," मला म्हणाली, "आपल्या जागेला देवाचे पाय लागले." मी म्हटलं, "आई, पाय लागले ते ठीक आहे, पण ते उठणार कधी?" तिने मला डोळे दाखवले.

पुढच्या खेपेला दगडाखाली सिमेंटचा ओटला होता. बाबांची झोप उडाली. शेजाऱ्यांशी भांडायचं कसं? वाईट कोणी नव्हतंच. सगळी आमच्यासारखीच, आयुष्यभर दुसऱ्याच्या भिंतींत राहिलेली. त्या ताईला मी कोणत्या तोंडाने सांगणार, की तुमच्या मुलीचा ताप उतरवणारा बांबू आमच्या आईने पोहा चौकातून आणलाय म्हणून? बाबा म्हणाले, "पार्षदजींना भेटतो. ते समजावतील."

भेटले. पार्षदजींनी बसवलं, चहा पाजला, सगळं शांतपणे ऐकून घेतलं. प्लॉट कोणाचा, कधी घेतला, गुढी काय असते. "अरे भाईसाब, आप चिंता मत करो. भाभीजी को लेकर इतवार को आ जाओ. सबके सामने फैसला कर देंगे." बाबा खुश होऊन घरी आले. आईने नवी साडी काढली. आणि हसू नका, पण तिने कपाटावरची मांडणी खाली घेऊन चिंचेने घासली.

रविवारी तिथे मंडप होता. खुर्च्या, माइक, फुलं. चुनाव तोंडावर आलेला, आम्हाला तेव्हाच कळायला हवं होतं. आम्हाला पहिल्या रांगेत बसवलं. पार्षदजी माइकवर आले आणि म्हणाले, "भेरूजी के इस थान के लिए जिन माताजी ने अपनी जमीन दान कर दी, पहले उनका सम्मान!"

माझं डोकंच सणकलं. मी उठले, तर बाबांनी हात धरून खाली बसवलं. तोवर आईला दोघींनी धरून वर नेलं होतं. शाल, श्रीफळ, हार. बायका तिच्या पाया पडत होत्या. ती तापवाल्या मुलीची आई तर रडत होती. माइक आईच्या तोंडासमोर धरला. मी मनात ओरडत होते, आई बोल, आत्ताच बोल, नाही म्हण! आईने त्या सगळ्यांकडे बघितलं, मग कोपऱ्याकडे, जिथे तिने पूर्वेची रेघ काढली होती तिकडे. आणि हळू म्हणाली, "सबका भला हो."

टाळ्या वाजल्या. आमचं घर गेलं.

परत येताना मी तिच्यावर खूप चिडले. "एक शब्द! एक शब्द बोलायला काय झालं होतं तुला?" ती शाल मांडीवर घेऊन बसली होती. "अगं, त्या बाईला काय सांगणार होते मी?" एवढंच म्हणाली. नोटरीच्या कागदावर भांडता येणार नव्हतं हे बाबांना ठाऊक होतं. मांडणी पुन्हा साडीत गेली, कपाटावर.

कॉलोनी वैध झाली, अगदी खरोखर झाली. ज्यांनी विटांवर विटा ठेवल्या होत्या त्यांचे आता दोन-दोन माळे आहेत, खाली दुकान, वर भाडेकरू. भेरूजींवर पत्र्याची शेड आली, मागे भंडाऱ्यासाठी एक पक्की खोली बांधली गेली. आम्ही अजून भाड्याने राहतो. मी ऑफिसातून येताना बांधकामं बघत येते आणि प्रत्येक ठिकाणी किचनची खिडकी शोधते. सवय लागलीय, काय करू.

यंदा पाडव्याला तिकडून बोलावणं आलं. आता तिथे दर वर्षी गुढी उभारतात, सगळ्या बायका मिळून, आणि उलटा तांब्या आईच्याच हाताने ठेवायचा असतो. मी जात नसे. या वेळी आईचे गुडघे दुखत होते म्हणून गेले. निघताना ती म्हणाली, "कपाटावरचं ते खाली काढ." "मांडणी? कशाला?" मी विचारलं. "काढ म्हणते ना!"

गुढी उभारून झाली. मागच्या खोलीत दाल-बाफल्याची तयारी चालू होती. मोठी पातेली, जमिनीवर ताटांच्या चळती. खोली नेमकी त्या कोपऱ्यात आहे, हे मी आत पाऊल टाकल्यावर ओळखलं. आईने मांडणीभोवती गुंडाळलेली जुनी साडी सोडली, मग मांडणी पूर्वेच्या भिंतीला लावून बघितली आणि हातोडी मागितली. एकजण धावला, "माताजी, हम ठोक दें?"

"नहीं," आई म्हणाली. "मैं ठोकूँगी."

पहिला खिळा वाकला, तिने तो उपटून दुसरा घेतला. प्लास्टरचा टवका उडून तिच्या केसांत पडला. कोणीही तिला थांबवलं नाही. मांडणी लागली. आईने जमिनीवरची ताटं पुसून एकेक करून लावली, मोठी मागे, छोटी पुढे. मग दोन पावलं मागे सरून बघत राहिली. मीही बघितलं. हेच मला बघायचं होतं, इतकी वर्षं.

संध्याकाळी निघताना ती दारातून परत आत गेली. "गॅस बंद किया ना?" तिने विचारलं, मग स्वतःच नॉब चाचपून बघितला, दिवा मालवला आणि दार ओढून घेतलं.

"चल," मला म्हणाली, "घरमालक गेट लावून घेईल."