हळदीकुंकवाचा सीन

सकाळी गाडी आली की दगडाबाई वाकून चपलेचा पट्टा नीट करायची. पट्ट्याला काही झालेलं नसायचं. बाकीच्या बायका एकमेकींना ढकलत, हसत आत चढेपर्यंत ती तशीच रस्त्याकडे पाठ करून वाकलेली असायची. सगळ्या बसल्या की उठायची आणि दाराजवळच्या कोपऱ्यातल्या सीटवर अंग चोरून बसायची. कामाला निघालेल्या सवाष्णींना पहिलं आपलं तोंड दिसू नये, एवढंच. असं कर म्हणून तिला कुणी सांगितलं नव्हतं. करू नकोस म्हणूनही कुणी सांगितलं नव्हतं.

गाडी वाईच्या आसपासच्या गावांतून बायका गोळा करत यायची आणि घाटाच्या पायथ्याला एका मोठ्या घरापाशी थांबायची. ते घर मालिकेसाठी भाड्यानं घेतलं होतं. या भागाला आता शूटिंगचं नवल राहिलेलं नाही. भर बाजारात नवरदेव रडताना दिसला तरी लोक आधी कॅमेरा कुठं आहे ते बघतात. मालिकेतल्या लग्नाला, बारशाला, भांडणाला, मयताला गर्दी लागते. त्या गर्दीतल्या या बायका. त्यांना 'क्राउडच्या बायका' म्हणतात. त्यांची जमवाजमव करणारा सूरज तरुण आणि तोंडाळ होता, पण एक नियम तो कधी मोडायचा नाही. विधवेच्या कामाला विधवाच न्यायची. सवाष्ण बाई दिवसभर उन्हात उभी राहील, चिखलात बसेल, पण कपाळ पुसून कॅमेऱ्यापुढं यायची नाही, हे तो एकदा आख्खी गाडी रिकामी परत आणून शिकला होता.

दगडाबाई मूळची जत तालुक्यातली, धनगरवस्तीवरची. मेंढरं रस्त्यापार नेताना नवरा ट्रकखाली गेला. मग ती वाईला भावाकडे आली. भाऊ शूटिंगवर लाइटा उचलायचा, त्याच्या ओळखीनं ती या गाडीत बसू लागली. तेव्हापासून ती परक्या माणसांच्या मयताला रडत होती. रडणं तिला जड जात नव्हतं. तिला कंटाळा आला होता.

"मला एकदा तरी कुणावर खेकसायचं काम दे की रं," ती सूरजला म्हणायची.

"मावशी, तुमच्या तोंडावर दुःख लय शोभतंय. कशाला बिघडवायचं?"

पण एका दुपारी चित्रीकरण चालू असताना कुणाच्या तरी शेळ्या अंगणात घुसल्या. कुणी काही करायच्या आत दगडाबाईनं मागून अशी हाळी दिली की शेळ्या तर पळाल्याच, पण हातात चहाचा ट्रे घेतलेली नायिकाही दोन पावलं मागं सरली. दिग्दर्शक देवदत्त खुर्चीतून उठून म्हणाला, "हा आवाज कुणाचा?"

महिन्याभरानं मालिकेतल्या आत्याबाईचं काम करणारी नटी दुसरं मोठं काम मिळालं म्हणून सोडून गेली. आत्याबाई म्हणजे घरातली करारी थोरली बाई. सगळ्यांना झापणारी. देवदत्तनं दगडाबाईचा फोटो आणि चार वाक्यं वाहिनीकडं पाठवली. वाहिनीनं होकार दिला. संक्रांतीच्या खास भागात नवी आत्याबाई दिसणार होती.

त्या दिवशी दगडाबाई मेकअपच्या खोलीतून बाहेर आली तेव्हा अंगावर हिरवं जरीकाठी लुगडं होतं, हातभर चुडा, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. ओसरीवर सतरंजीवर बसलेल्या बायका आधी हसल्या.

"आगं बया, ही कोन? वळकूच ईना की!"

"दगडाबाई, झोपाळा मोडू नगंस हां."

तीही हसली. मग देवदत्तनं सीन समजावला. आत्याबाई झोपाळ्यावरून उठते, समोर बसलेल्या बायकांना हळदीकुंकू लावते आणि लावता लावता सुनेला झापते. त्याचं बोलणं संपायच्या आत रंगूबाई सतरंजीवरून उठली. क्राउडच्या बायकांत तिचा शब्द चालायचा.

"आमी न्हाई लावून घ्यायचो," ती म्हणाली.

"काय झालं?"

"तुमाला ठावं न्हाई? तिचा मालक गेलाय."

देवदत्त हसायला गेला आणि थांबला. "रंगूबाई, ही मालिका आहे. सगळं खोटं आहे."

"शूटिंग खोटं आसंल, पर करंड्यातलं कुकू खरं हाय की."

"ठीक आहे. आपण मेकअपचा लाल रंग वापरू."

"मग कपाळ बी मेकपचंच आना."

दगडाबाई झोपाळ्याची कडी धरून उभी होती. रंगूबाई तिच्याकडं न बघता बोलत होती, आणि तिच्या आवाजात राग नव्हता हेच जास्त टोचणारं होतं. रंगूबाईचा भाऊ आप्पासो किडनीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळला होता. आप्पासोची बायको बनाबाई त्याच सतरंजीवर, तिसऱ्या ओळीत बसली होती.

सूरजनं आवाज चढवला. "उद्यापासनं गाडीत बसायचं हाय का न्हाई तुमाला?"

"नगं बसूस म्हन. चालत जाऊ." रंगूबाई जागची हलली नाही.

सूर्य घाटाच्या कडेला टेकायला लागला होता. देवदत्तनं घड्याळ बघितलं, कॅमेरामनशी कुजबुजला आणि तोडगा काढला. दगडाबाईनं करंडा घेऊन वाकायचं. तिचा चेहरा एका शॉटमध्ये घ्यायचा. कुंकू लावणारा हात मात्र जवळून, वेगळा घ्यायचा, आणि तो रंगूबाईचा असेल. पडद्यावर जोडून टाकलं की कुणाला कळणार नाही. असं नेहमीच करतात.

बायकांना ते पटलं. रंगूबाई बाह्या सावरून पुढं आली.

"न्हाई," दगडाबाई म्हणाली.

"मावशी, अहो तुमचा रोल तसाच राहतोय," देवदत्त म्हणाला.

"हात माजा नगं आसंल, तर तोंड बी नगं. दुसरी बगा."

सूरजनं कपाळाला हात लावला. "आवं मावशी, आयुष्यभर रडत बसायचंय व्हय? वाक्यं मिळाल्यात, झोपाळा मिळालाय..."

"तर मग बसते रडत."

तिनं डाव्या हातातली पहिली बांगडी हळूच सरकवायला सुरुवात केली. ती मनगटावर अडकली. तेवढ्यात तिसऱ्या ओळीतून बनाबाई उठली, बायकांचे गुडघे ओलांडत पुढं आली आणि झोपाळ्यासमोर मांडी घालून बसली.

"मला लाव," ती म्हणाली.

रंगूबाईनं तिचा दंड धरला. "बने, घरात मानूस आंथरुनावर हाय तुजा. माजा भाऊ हाय त्यो."

"म्हनून तर बसले, वन्सं. आजवर सवाष्णींच्याच हातनं लावून घेतलं की. त्येंनी उठवला का त्येला?"

रंगूबाईची पकड सुटली. देवदत्तनं हातानंच खूण केली. कॅमेरा चालू झाला.

झोपाळ्यावर बसलेली दगडाबाई उठली, करंडा घेतला, सुनेला झापायचं पहिलं वाक्य खणखणीत म्हटलं. मग अनामिका कुंकवात बुडवून वाकली. बनाबाईनं तोंड वर केलं. बोट कपाळापासून वीतभर अंतरावर थांबलं.

"कट. मावशी, काय झालं?"

हाताचा हट्ट धरताना तिला खात्री वाटत होती. आता समोर आप्पासोच्या बायकोचं कपाळ होतं, आणि लहानपणापासून वस्तीवर ऐकलेलं सगळं तिच्या बोटात येऊन बसलं होतं. रंगूबाईला वाटत होती तीच भीती तिलाही वाटत होती. कदाचित जास्तच.

दुसऱ्यांदाही बोट थांबलं. ओठ न हलवता बनाबाई पुटपुटली, "लाव की गं. मान दुखाया लागली."

दगडाबाईनं कुंकू लावलं.

आणखी चौघी-पाचजणी पुढं आल्या. बाकीच्या उठून पडवीत जाऊन बसल्या, त्यांच्या मोकळ्या जागा दिसू नयेत म्हणून कॅमेरा सरकवावा लागला. परतताना गाडीत कुणी गाणी म्हटली नाहीत.

दोन दिवसांनी आप्पासोला धाप लागली. साताऱ्याच्या दवाखान्यात अतिदक्षता विभागात ठेवलं. गाडीत ही बातमी आली तेव्हा दगडाबाई दाराजवळच बसली होती. तिच्या शेजारची बाई पुढच्या थांब्यावर उठून मागं जाऊन बसली. सूरजनं दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं, "मावशी, चार दिस जरा घरीच ऱ्हावा. बायका गाडीत चढंनात. संक्रांतीचा भाग दिसू दे, मग बगू."

ती घरी राहिली. भावजय पोरांना तिच्याजवळून उचलून नेताना काहीतरी कारण सांगू लागली. वाहिनीवर जाहिरात येत होती. नवी आत्याबाई झोपाळ्यावरून उठते, मागं ढोलकी वाजते. शेजारच्या पोरी येऊन तिला मोबाइलवर ते दाखवायच्या. ती बघायची नाही. आप्पासो गेला तर तो तिच्या बोटानं गेला असं सगळे म्हणतील, याची तिला भीती होतीच. पण आपणही तसंच म्हणू, ही भीती मोठी होती.

संक्रांतीच्या दिवशी तिनं भाकरी आणि वांग्याचं भरीत फडक्यात बांधलं आणि एसटीनं सातारा गाठला. दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर अतिदक्षता विभागाबाहेर बाकडी होती, भिंतीवर टीव्ही होता. एका बाकड्यावर बनाबाई आणि रंगूबाई बसल्या होत्या. दगडाबाई जिन्याच्या तोंडाशीच थांबली.

रंगूबाईनं तिला आधी बघितलं. "आलीस? त्यो हाय का न्हाई, बगाया?"

"वन्सं," बनाबाई म्हणाली.

"मी काय वंगाळ बोलले? इचारलं फक्त." रंगूबाईनं पदर तोंडाशी धरला. "डाक्टर सांगत्यात आजची रात निघू दे. आजची रात."

दगडाबाई समोरच्या बाकड्याच्या टोकावर बसली. फडकं मांडीवर. आत कुठलंसं यंत्र ठरावीक वेळानं वाजत होतं आणि तिघींचे कान तिकडेच होते. तेवढ्यात कुणीतरी टीव्हीचा आवाज वाढवला. मालिका लागली होती.

पडद्यावर ती उठली. तिनं सुनेला झापलं. बाकड्यांवरचे चार-दोन लोक हसले. मग हात आला, जवळून. हिरवं गोंदण असलेला, जाड पेरांचा हात. तो बनाबाईच्या कपाळाला टेकला. रंगूबाई ते डोळे न हलवता बघत राहिली.

जाहिराती लागल्या तशी पलीकडच्या बाकड्यावरची एक पोक्त बाई उठून दगडाबाईसमोर आली. तिची लेक बाळंतपणासाठी खालच्या मजल्यावर होती. हातात हळदीकुंकवाची पुडी, तिळगुळाचा डबा.

"अहो, तुम्हीच ना त्या नव्या आत्याबाई? मेकअप काढला तरी ओळखलं बघा! आज सणाचं लेकीला इथं आणलंय, खाली कुणी सवाष्ण भेटली नाही. तुमच्या हातानं तिला कुंकू लावा ना. खाली चला."

तिनं पुडी पुढं केली. दगडाबाईनं रंगूबाईकडं बघितलं नाही.

"मेकप न्हाई काडला, बाई. माजं कपाळ आसंच हाय. मालक न्हाईत मला."

बाईची पुडी तशीच हवेत राहिली. "हो का," ती म्हणाली. मग तिनं डब्यातले दोन लाडू काढून दगडाबाईच्या हातावर ठेवले, "गोड बोला," असं कसंबसं म्हणाली आणि जिन्यानं खाली गेली.

रंगूबाई टीव्हीकडं बघतच म्हणाली, "सांगितलं नसतंस तर तिला काय कळनार हुतं?"

"मला कळलं आसतं की."

आतलं दार उघडलं. "आप्पासोंच्या घरचं कोण?" नर्सनं विचारलं. तिघी उठल्या. "एकीनंच या." बनाबाई आत गेली. बाहेर त्या दोघी उभ्याच राहिल्या, एकमेकींपासून दोन हातांवर. रंगूबाईचे ओठ हलत होते. औंधच्या यमाईचं नाव ती पुन्हा पुन्हा घेत होती. दगडाबाईच्या मुठीत लाडू चुरगळले.

बनाबाई बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा वाचता येत नव्हता.

"डोळं उगडलं," ती म्हणाली. "पानी मागितलं. नर्सला म्हनला, टीव्हीत माजी बायकू दिसली का?"

रंगूबाई बाकड्यावर बसली आणि रडू लागली. डॉक्टरांनी अजून काही नक्की सांगितलं नव्हतं. आजची रात्र होतीच, उद्याचीही असणार होती. दगडाबाईनं फडकं सोडलं, भाकरीचे तीन वाटे केले. एक बनाबाईला दिला. एक रंगूबाईच्या शेजारी बाकड्यावर ठेवला. रंगूबाईनं तो घेतला नाही. दूरही सारला नाही.

फोन वाजला. सूरज होता. भाग लोकांना आवडला होता, मोबाइलवर सगळीकडं आत्याबाईचाच तुकडा फिरत होता, वाहिनीला ती उद्याच हवी होती. पण गाडीतल्या बायकांचं अजून तसंच होतं. तो अडखळत बोलत होता. रंगूबाई कान देऊन ऐकत होती.

दगडाबाईनं तोंडातला घास गिळला.

"गाडी नगं पाठवूस, रं. मी एस्टीनं येते," ती म्हणाली. "आन् त्या कपड्याच्या पोरीला सांग, पोलकं दंडात लय आवळतंय. जरा उसवून ठेव म्हनावं."