होर सुणाओ

आमचे हे टेलिफोन खात्यात. अख्ख्या पंजाबाला बोलतं ठेवायचं ही त्यांची नोकरी, आणि घरात मात्र तोंडात मिठाची गुळणी. अतिरेक्यांचे दिवस होते. दर पंधरवड्याला ह्यांचा अमृतसरकडे दौरा असायचा आणि मी चंदीगडच्या क्वार्टरमध्ये देव पाण्यात घालून बसलेली.

परत आले की मी दारातच सुरू.

"प्रवास बरा झाला?"

"हो."

"कुठे गडबड नव्हती ना?"

"नाही."

"जेवलात?"

"हो."

एवढ्यावर कोणाचा जीव भांड्यात पडतो? मी चिडायची, ते पेपर उघडायचे.

शेजारच्या म्हाताऱ्या सरदारणीला आम्ही बीजी म्हणायचो. भिंतीपलीकडून सगळं ऐकू जायचं तिला. एकदा म्हणाली, "बेटी, जवाब भी तू ही दे देती है. वो बेचारा क्या बोले?" तिची रीत सोपी होती. चहा द्यायचा, "होर सुणाओ", म्हणजे आणखी सांगा, एवढंच म्हणायचं आणि गप्प बसायचं. गप्प बसायचं! मी साताऱ्याची.

पुढच्या खेपेला हे चार तास उशिरा आले. गुडघ्यांना माती, मी सोबत दिलेला लाडवांचा डबा चेपलेला. शंभर प्रश्न जिभेवर आले, ते गिळले. चहा दिला आणि म्हटलं, "होर सुणाओ."

ते चमकले. "ऊन फार होतं."

मी गप्प.

"बस थांबवली होती नाक्यावर."

मी पदराचं टोक घट्ट धरून गप्पच.

"पोलीस होते. सगळ्यांना उतरवलं. मला म्हणाले, डबा खोलो. हात थरथरत होते, डबाच सुटला. असा खणखणाट झाला की बॉम्ब समजून बसमधली सगळी माणसं शेतात पालथी, पोलिसांसकट. रस्त्यावर फक्त तुझे लाडू."

मला हसू आवरेना. तेही हसले, पण बशीत कप वाजत होता. म्हणाले, "फार भ्यालो गं." इतक्या वर्षांच्या संसारात हे मी पहिल्यांदा ऐकलं.

मग त्यांनी विचारलं, "तू काय केलंस चार तास?"

"काही नाही. मी काय करणार? स्वयंपाक."

त्यांनी ओट्याकडे पाहिलं. परातीत पीठ सकाळचं, कोरडंच होतं. दुपारपासून मी फाटकाशी उभी होते.

त्यांनी कप बाजूला सारला आणि आपल्या मोडक्या पंजाबीत म्हणाले, "होर सुणाओ."

साताऱ्याची मी, पण एक शब्द फुटला नाही. नुसती रडत बसले, आणि ते गप्प बसून ऐकत राहिले.