तिसऱ्या सिलिंडरची भिंत

दादाच्या उजव्या डोळ्याचा पडदा आधीच गेलेला होता. डावाही जाणार, हे ठाण्याच्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं. इंजेक्शनांनी काही महिने मिळतील, एवढंच. परतताना टॅक्सीत तो बाळकुम मागे पडल्यावर म्हणाला, "इंजिन मात्र मी माझ्या हातानेच जोडणार. दिसतंय तोवर."

दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा, लग्न न केलेला, आयुष्यभर ड्राफ्ट्समन. त्याची गाडी पस्तीस वर्षांची, चार सिलिंडरची. तिच्यात जास्त दम आणायचा, हे त्याने नोकरीत असल्यापासून ठरवलेलं. कार्बोरेटर बदलला, इंजिनचं हेड घासून घेतलं, वहीत आलेख काढले. पण इंजिनचा ब्लॉक, म्हणजे ज्या ओतीव लोखंडात सिलिंडर असतात तो मुख्य ठोकळा, आतून कापून इतक्या वेळा बोअर झाला होता की आता घासायला लोखंडच शिल्लक नव्हतं. दुसरा ब्लॉक शोधायला हवा होता. गाडी चालवणं त्याने वर्षभरापूर्वीच सोडलं होतं. चालवणार मी, आणि तो शेजारी बसून ऐकणार, असं ठरलं होतं.

शीळफाट्याजवळच्या भंगाराच्या गोदामात आम्हाला दोन मिळाले. मालक तिथलाच, जिथे त्याच्या वडिलांचं भात पिकायचं तिथे आता गिअरबॉक्सचे ढीग. दादाला वाकून बोटांनी चाचपताना पाहून तो मला म्हणाला, "बाय, दोनी घेऊन जा. नको तो आणून टाक परत."

दोन्ही ब्लॉक एकाच इंजिनचे, पण वेगळ्या काळातले. जुन्या बनावटीत क्रँकशाफ्टला, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या दांड्याला, तीन बेअरिंगांचा आधार, सिलिंडरच्या भिंती मात्र जाडजूड. नंतरच्यात पाच बेअरिंग, त्यामुळे इंजिन कितीही पळवा, क्रँक वाकत नाही. पण कंपनीने आतलं माप वाढवलेलं, म्हणून भिंती पातळ. दादाला पाचचाच हवा होता, आणि तोही आणखी दोन मिलिमीटर मोठा करून. तेवढ्या मापाचे पिस्टन त्याने आधीच मागवून ठेवले होते.

"तीनवाला चालेल गं," तो म्हणाला, "पण पळणार नाही."

इथे माझं काम सुरू झालं. ठाण्याच्या एका कारखान्यात मी सव्वीस वर्षं ओतीव भाग तपासले. कारखाना बंद पडला, तिथे आता तीस मजली इमारती आहेत. पण जाडी मोजायचं यंत्र कसं धरायचं हे हात विसरत नाही. एका जुन्या सहकाऱ्याकडून ते मागून आणलं. लोखंडावर जेल लावायचं, बटणाएवढा प्रोब टेकवायचा, की पलीकडे किती लोखंड आहे ते आकड्यात दिसतं. ओतताना आतला साचा जरासा सरकला तरी सिलिंडरची एक बाजू जाड आणि दुसरी पातळ होते. बाहेरून काही कळत नाही.

विठ्ठलवाडीच्या बोअरिंगवाल्याच्या शेडमध्ये ब्लॉक टेबलावर चढवला. दादा स्टुलावर बसला, मांडीवर वही, हातात जाड मार्कर. यंत्राचा करडा आकडा त्याला भिंगातूनही दिसत नव्हता. मी वाचायचं, त्याने मोठ्या अक्षरात लिहायचं.

पहिला सिलिंडर, पाच पॉइंट एक. चार पॉइंट आठ. दुसराही ठीक. तिसऱ्याच्या ज्या बाजूवर पिस्टनचा रेटा येतो तिथे प्रोब टेकवला आणि आकडा आला तीन पॉइंट चार. मी जेल पुसलं, पुन्हा लावलं. तीन पॉइंट चार. त्यातला एक मिलिमीटर, वाढणाऱ्या व्यासाचा निम्मा, बोअरिंगमध्ये जाणार. जे उरेल त्यावर मी कारखान्यात कधीच सही केली नसती.

"किती?" दादाने विचारलं.

त्या दिवशी तो खुशीत होता. डॉक्टरांकडून आल्यापासून पहिल्यांदाच दाढी करून आलेला. नाही म्हटलं असतं तर तीन बेअरिंगचा ब्लॉक, त्याचा वेगळा क्रँक, नवे पिस्टन, म्हणजे आणखी दोन-तीन महिने. तेवढे त्याच्या डोळ्याकडे नव्हते. त्या सिलिंडरमध्ये स्लीव्ह, म्हणजे लोखंडी नळी, बसवता आली असती, हेही मला माहीत होतं. पण मग तो हळहळला असता, पुन्हा गणितं करत बसला असता. अशी सगळी कारणं मी नंतर जुळवली. तेव्हा तोंडातून फक्त निघून गेलं, "चार पॉइंट चार."

त्याने लिहिलं. बोअरिंगवाल्याने विचारलं, "ताई, नक्की ना? एकदा काटलं की परत नाय येणार."

"नक्की," मी म्हटलं.

दादाने दीड महिना बसून इंजिन जोडलं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, डोक्याला बॅटरी बांधून, प्रत्येक बोल्ट बोटांनी मोजत. तीन बेअरिंगचा ब्लॉक मी गोदामात परत पाठवला. तेव्हाही बोलता आलं असतं.

पहिल्या दिवशी आम्ही कल्याण-शीळ रस्त्याने जाऊन आलो. गाडी खरंच पळाली. दादा डोळे मिटून ऐकत होता, मधूनच "आता तिसरा गिअर टाक" म्हणत होता. दुसऱ्या वेळी काटई नाक्याच्या अलीकडे तापमानाचा काटा वर गेला. आरशात पाहिलं तर मागे पांढरा धूर. मी गाडी कडेला घेतली.

"गोडसर वास येतोय," तो म्हणाला. "कूलंट जळतंय. धूर पांढरा आहे?"

"हो."

खाली उतरून त्याने ऑइलची पट्टी मागितली. तिच्यावरचं तेल पाणी मिसळून दुधाळ झालं होतं. त्याने ते बोटांत चोळलं आणि रस्त्याच्या बाजूला तोंड करून उभा राहिला. ट्रक जात होते.

"तिसरा ना?" त्याने विचारलं. "तिथे तुझा आवाज बदलला होता. किती होतं?"

"तीन पॉइंट चार."

"सांगितलं असतंस तर स्लीव्ह टाकली असती. आठवड्याचं काम." तो रागावला नाही. पट्टी माझ्या हातात देत म्हणाला, "पिस्टनही तेच चालले असते."

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. स्लीव्ह मोठ्या मापालाही कापता येते. मला ते ठाऊक होतं, आणि तरीही मी त्या क्षणी तो विचार केला नाही.

इंजिन उघडलं तेव्हा तिसऱ्याची भिंत उभी चिरलेली निघाली; तिच्या बाहेरून फिरणारं कूलंटचं पाणी त्या चिरेतूनच आत शिरलं होतं. मी धावत शीळफाट्याला गेले. मालक म्हणाला, "तो ब्लॉक? तो गेला ना बाय, वितळवायला." दुसरा कुठेच मिळाला नाही. मिळाला असता तरी काय. दिवाळीपर्यंत दादाला नट आणि वॉशर यांतला फरक फक्त हातानेच कळत होता. पार्किंगमधली इंजिन खोललेली गाडी हलवा म्हणून सोसायटीची नोटीस आली. ती मीच वाचली. क्रेनवाला आला त्या दिवशी दादा खाली उतरला नाही.

आता मी दर रविवारी त्याच्याकडे जाते. आम्ही बोलतो, जेवतो. इंजेक्शनला तो वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांबरोबर जातो. तुला उगाच लांब पडतं, म्हणतो. परवा त्याने डोळ्यात घालायच्या औषधाची बाटली माझ्या हातात दिली आणि मुदत संपण्याची तारीख विचारली. मी सांगितली, आणखी चार महिने आहेत. तो "बरं" म्हणाला. मी भांडी ठेवायला आत गेले तेव्हा बाहेरून मोबाइलचा वाचून दाखवणारा आवाज आला: औषधाचं नाव, बॅच नंबर, मग तारीख. ती मी सांगितली तीच होती. तरी त्याने ती दुसऱ्यांदा वाचून घेतली.