शेऱ्याच्या रकान्यातला वारा

सत्य बोलायला धैर्य लागते, असे आपण मानतो, आणि ते खरेही आहे. परंतु सत्याचा एक प्रकार असा असतो, की त्याला धैर्याहून अधिक गरज असते ती चिकाटीची आणि सुवाच्य अक्षराची. असे सत्य गर्जना करीत नाही. कोपऱ्यात, शाईने, तारीखवार बसून राहते. ऊर्जा खात्यातील पवननिरीक्षक, ज्यांना सारे कार्यालय वारामास्तर म्हणे, ते या दुसऱ्या प्रकारच्या सत्याचे उपासक होते.

मास्तरांचे काम म्हटले तर साधे. उंच खांबाच्या शेंड्यावर चार वाट्यांचे यंत्र फिरे. त्यावरून दर तासाला वाऱ्याचा वेग वहीत उतरवायचा. वेग, दिशा आणि शेरा असे तीन रकाने. शेऱ्याचा रकाना वर कोणी वाचीत नसे, म्हणून इतर निरीक्षक तिथे 'निरंक' लिहून मोकळे होत. मास्तरांना मात्र मोकळा रकाना म्हणजे क्रियापदावाचून सोडलेले वाक्य वाटे.

त्या वर्षी शासनाने पवनऊर्जेचे नवे धोरण आखायला घेतले. गावाबाहेरच्या टेकडीवर वारा असा, की माणसाने तोंड उघडावे तर शब्द घशात परत जावेत. पण टेकडी विरोधी पक्षाच्या पुढाऱ्याची. खालचा खोलगट माळ मंत्र्यांच्या साडूंचा, आणि तिथे वाऱ्याचा मागमूस नव्हता. साहजिकच माळ पसंत पडला. आजवर पवनचक्क्यांच्या नावाने बोटे मोडणाऱ्या कोळशाच्या व्यापाऱ्यांनीही या वेळी मनःपूर्वक पाठिंबा दिला. न फिरणाऱ्या पवनचक्कीला त्यांचा तात्त्विक विरोध नव्हता.

अडचण एकच होती: वर्षभराच्या नोंदींवाचून मंजुरी मिळत नसे. मास्तरांनी माळावर खांब रोवला आणि तीन महिने शून्ये लिहिली.

"अहो, शून्यं गिरवून गिरवून हाताला गोलाई आली असेल," पत्नी म्हणाली. "एखादा एक तरी लिहा, चवीपुरता."

"वारा आला की लिहितो."

शेवटी थोरल्या साहेबांनी बोलावणे धाडले. "मास्तर, आकडा वाढला पाहिजे."

"साहेब, वारा वाढला तर आकडा वाढेल. आकडा वाढवून वारा वाढत नाही."

"प्रवचन नको. वरून दडपण आहे. नाहीतर बदली थेट बेटावर. तिथं वारा भरपूर आहे, खात बसा!"

घरी मास्तरांचे वडील अंथरुणाला खिळलेले. रोज सकाळी त्यांना आंघोळ घालायची ती मास्तरांनीच. दुसऱ्या कोणाचा हात वडिलांना चालत नसे. तरीही मास्तरांची मान हलली ती आडवीच. "खोटा आकडा लिहिणार नाही, साहेब."

साहेब काही हाडाचे दुष्ट नव्हते. "मग खराच लिहा," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी खांब उपटून, थोडा आखूड करून, पन्नास पावलांवर बर्फाच्या कारखान्यासमोर रोवला. कारखान्याच्या भिंतीत माणसाएवढाले सहा पंखे होते. वाट्या गरगरू लागल्या.

मास्तरांनी वेग लिहिला, अगदी खरा. मग शेऱ्यात लिहिले: 'वाऱ्याचा उगम बर्फाचा कारखाना. वारा सकाळी नऊला सुरू होतो, दुपारी एक ते दोन जेवायला जातो, रविवारी सुट्टी घेतो.' पुढे एका मंगळवारी: 'कामगारांचा संप. वाराही संपात सामील.' असे नऊ महिने चालले. वर्ष भरले, मास्तरांच्या सहीनिशी वह्या वर गेल्या. तिथे आकड्यांची सरासरी काढली गेली, शेऱ्यांकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही, आणि माळावर बारा पवनचक्क्या उभ्या राहिल्या.

उद्घाटनाला मंत्र्यांनी कळ दाबली. पाती जागची हलेनात.

"आज जरा वारा पडलाय," साडू घाम पुशीत म्हणाले.

"पडणारच की," कारखान्याचा मुकादम मागून बोलला. "आज रविवार ना!"

चौकशी समिती बसली. सही मास्तरांची, तेव्हा खापरही त्यांच्याच माथी फुटणार हे ठरलेले. पत्नीने माळ्यावरची ट्रंक खाली काढली. "बेटावर काय काय लागेल तुम्हाला?"

"बाबा लागतील," मास्तर म्हणाले. वडिलांना आंघोळ घातली, आणि चौकशीला गेले.

समितीचे अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते. "तुम्ही वाऱ्याचे खोटे आकडे दिलेत?"

"नाही, साहेब. आकडे खरे आहेत. वह्या आपल्यासमोरच आहेत. कृपा करून शेवटचा रकानाही वाचावा."

न्यायाधीशांनी चष्मा चढवला आणि मोठ्याने वाचू लागले. संपाच्या नोंदीपाशी लघुलेखक खुदकन हसला. 'एक पंखा नादुरुस्त. वाऱ्याची प्रकृती बेताची' इथे खुद्द न्यायाधीशांना ठसका लागून पाणी मागवावे लागले. थोरले साहेब तेवढे छताचे निरीक्षण करीत होते.

मास्तर निर्दोष ठरले, बदलीचा विषय मिटला. ट्रंक पुन्हा माळ्यावर गेली. शासनानेही धडा घेतला: सुधारित धोरणाच्या पहिल्याच कलमान्वये नोंदवहीतून शेऱ्याचा रकाना काढून टाकण्यात आला. मास्तर मात्र निवृत्तीपर्यंत प्रत्येक पानावर पट्टीने तो रकाना आखून घेत आणि भरीत. पवनचक्क्या पुढे टेकडीवर गेल्या. त्यासाठी वाऱ्याला काही करावे लागले नाही, निवडणुकीनंतर टेकडीचे मालक मंत्री झाले एवढेच.

वडील मास्तरांच्या आधी, आपल्याच घरी, शांतपणे गेले. मास्तरांना जाऊनही आता सहा वर्षे झाली. त्यांच्या मागे घरी पत्नी आहेत, आणि कार्यालयाच्या कपाटात एकवीस वह्या आहेत.