लोळलेली शेवंती

लग्न होऊन मी लाखनीला आले, त्याच्या दुसऱ्या वर्षी माझी नणंद माहेरी परत आली. ती माझ्याच वयाची, आंधळगावला दिलेली. हातात एकच पिशवी, आणि तिच्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेले शेवंतीचे फुटवे. काय झालं ते तिनं सांगितलं नाही. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, विचारलंही नाही. दिवाळीनंतर पाठवून देऊ, एवढंच म्हणाले. सासूबाई असत्या तर कदाचित विचारलं असतं. त्या माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या.

फुटवे तिनं मागच्या अंगणात शेवग्याच्या सावलीत दाटीनं लावले. ऊन लागू नये म्हणून. सकाळ-संध्याकाळ पाणी घालायची. उकिरड्यावरचं शेणखत झालं, धानासाठी आणलेल्या युरियाची मूठही झाली. झाडं सरसर वाढून कमरेला लागली. नुसती हिरवीगार.

एकदा भांडी घासताना तिची बाही वर सरकली. दंडावर चटक्यांचे डाग होते, एकाखाली एक.

"हे काय बाई?"

"चुलीचं असन," ती म्हणाली आणि बाही ओढून घेतली.

मी नवऱ्याला सांगितलं. "बाबाले सांगतो," म्हणून ते आपल्या दुकानात गेले. त्यांनी सांगितलं नाही, हे मामाजींच्या वागण्यावरून मला कळत होतं.

कळ्या धरल्या आणि परतीचा पाऊस आला. सकाळी पाहते तर अख्खा वाफा मधोमध फाकून आडवा पडलेला. नणंदेनं सगळी झाडं कवेत घेऊन सुतळीनं घट्ट आवळली. आठवडाभरात आतली पानं काळी पडून सडली.

"मी काय कमी केलं, वयनी?" तिनं विचारलं. माहेरी आल्यापासून पहिल्यांदा ती रडली.

त्याच दिवसांत शहापूरहून माझी आई आली होती. तिनं एक दांडा बोटांत धरून वाकवला. "कमी नाही बाई, जास्त झालं. सावलीतलं झाड उजेडासाठी उंच पळते, अन् खतानं दांडा पोचट होते. मंग फुलाचं वजन कसं पेलन? पुढच्या साली फुटवे अलग करून उन्हात लाव, दूर दूर. खत कमी. आषाढात शेंडे खुड. पडाच्या आधीच बांबूच्या कमच्या रोव, अन् सुतळी ढिली बांध."

"जित्या झाडाचा शेंडा काहून खुडाचा?"

"खुडला का बाजूनं फुटते. झाड बुटकं अन् गच्च राहते."

"पुढच्या साली मी कुठं असन, कोनाले माहीत," नणंद म्हणाली.

दिवाळीनंतर तिची सासू आणि दीर न्यायला आले. मामाजींनी चहा द्यायला लावला आणि मला तिची पिशवी भरायला सांगितलं. नणंद दाराआड उभी होती. तिचे ओठ पांढरे पडले होते. मी मामाजींसमोर कधी मान वर करून बोलले नव्हते. त्या दिवशी पदर सावरून बोलले, "मामाजी, आधी तिचा दंड पाहा."

मामाजींनी तिला जवळ बोलावलं, बाही वर केली आणि बराच वेळ पाहत राहिले.

"हे कोनं केलं?"

नणंदेच्या सासूनं कप खाली ठेवला.

"तुमी जा," मामाजी पाहुण्यांना म्हणाले. "पोरगी येत नाही."

पोरगी राहिली, पण घर गप्प झालं. पाहुण्यांसमोर तोंड उघडलं म्हणून नवरा माझ्यावर चिडला. मामाजी माझ्या हातचं जेवत, बोलत मात्र नसत. बायका हळदीकुंकवाला नणंदेला वगळून मला एकटीला बोलावू लागल्या. मग मीही जाणं सोडलं.

पुढच्या आषाढात तिनं उन्हात लावलेल्या रोपांचे शेंडे खुडले. भादव्यात आम्ही दोघींनी कमच्या रोवल्या. कार्तिकात झाडं गुडघाभर उंच, ताठ उभी, पिवळ्या फुलांनी भरलेली. फुलं तिनं देवाला वाहिली, मला गजरा केला. स्वतः माळला नाही. तिकडे तिच्या नवऱ्यानं दुसरी केल्याची बातमी त्याच सुमारास आली.

नंतर कित्येक वर्षं घरासमोर एसटी थांबली की ती आधी मागच्या दाराशी जायची, आणि कोण उतरलं ते तिथून मला विचारायची.