उंबरठा नसलेलं दार

साइटवर विटा मोजून येतात, वाळू मापून येते. किस्से मात्र कुणी न मागवता येऊन पडतात आणि काम संपलं तरी उचलायला कुणी येत नाही! आलापल्लीच्या बांधकामांचे माझ्याकडे असे पुष्कळ साठलेत. त्यातले निम्मे एकाच ओट्याचे.

ओटा होता रिटायर्ड शिक्षिका सुमनबाईंच्या घराच्या बाजूचा, एका टोकाला रस्ता, दुसऱ्या टोकाला परसबाग. नुकताच डिप्लोमा करून आलेला इंजिनिअर मी, मिस्त्री डोमाभाऊ. बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. वॉकर धरून चालायच्या, पण पाय उचलत नव्हता. मागणी एकच, "उंबरठा नको, पायरी नको. खोली अन् ओटा एका लेव्हलात पाह्यजे. मले माह्या पायानं बाहेर जावाचं हाये."

मुलगा प्रकाश भामरागडला नोकरीला. त्यानं बजावलं, "एकदा जरी पावसाचं पाणी घरात आलं, तर मी उंबरठा बांधून टाकीन. मंग तू खोलीतच बस, आई!"

म्हणजे बाईंचं बाहेर जाणं आमच्या उतारावर अवलंबून.

* * *

मी झोकात नकाशा काढला. ओट्याचा उतार दारापासून रस्त्याकडे. डोमाभाऊंनी नकाशा उलटासुलटा पाहिला आणि रस्त्यावर जाऊन उभे राहिले.

"साहेब, हा रोड दर खेपेला डांबर खाऊन वाढून राह्यला. घर काही वाढत नाई. पाणी वर चढन का?"

पाणी भरलेला लेव्हल पाईप लावून उंची ताडून पाहिली. रस्ता ओट्यापेक्षा वीतभर उंच! मी गुपचूप उतार परसबागेकडे फिरवला.

* * *

मग दारासमोर नाली केली. तिच्या तोंडावर छोटीशी, देखणी जाळी. ऐटीत बादली ओतली, तेवढ्यात वारा सुटला. मागच्या सागाचं एकच पान उडत आलं आणि जाळीवर बसलं. जाळी गायब! पाणी दाराशी तुंबलं.

डोमाभाऊ शांतपणे म्हणाले, "पान वाढलं, साहेब. आता बसा जेवाले!"

नंतर आम्ही दाराच्या पूर्ण रुंदीची नाली केली, वर उचलता येईल अशी लांब जाळी.

* * *

शेवटची परीक्षा बाईंनीच घेतली. दारात खुर्ची टाकून बसल्या. अख्ख्या गल्लीनं बादल्या ओतल्या. सगळं पाणी गेलं, फक्त भिंतीच्या कोपऱ्यात ताटलीएवढं साचलं.

"नापास!" बाई म्हणाल्या. "पुन्हा बसा परीक्षेले."

"माह्या पोराले बी बाईनं असंच पास नाई केलं होतं," असं पुटपुटत डोमाभाऊंनी कोपरा फोडायला घेतला.

* * *

आता डोमाभाऊ मुलचेऱ्याला मुलीकडे असतात. माझ्याकडे लेझर लेव्हल आहे. तरी ओटा झाला की मी बादली ओततोच, आणि सवयीनं मागे वळून बघतो. टोमणा मारायला कुणी नसतं. फार आठवण येते त्यांची.

* * *

ओटा झाला त्याच वर्षीचा श्रावण. तीन दिवसांची झड. भामरागडचा रस्ता बंद, प्रकाश तिकडेच अडकलेला. शेजारणीचा फोन आला, "बाईच्या घरात पाणी दिसून राह्यलं!"

मी आणि डोमाभाऊ भिजत धावलो. ओट्यावरचं पाणी शहाण्यासारखं नालीत जात होतं, दाराशी थेंब साचला नव्हता. पण आतल्या पांढऱ्या फरशीवर पाणी होतं, चिखलसुद्धा!

जवळ जाऊन पाहिलं. ती पावलं होती. परसबागेतून ओट्यावर, ओट्यावरून दारातून आत, थेट स्वयंपाकघरापर्यंत. पावलांच्या दोन्ही बाजूंना वॉकरची टिंबं. आत सुमनबाई ओल्या केसांनी वेलावरून तोडून आणलेले दोडके सोलत बसल्या होत्या.

डोमाभाऊ फडकं घेऊन वाकले.

"हात नका लावू, डोमाभाऊ!" बाई आतूनच ओरडल्या. "रोड खुला झाला का प्रकाश येते. त्याले पाहू द्या!"